'भावनेच्या भरात' म्हणजे काय हो?

इस्पितळात कुणी डॉक्टरला मारले की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य हमखास असते. 'संतप्त नातेवाइकांनी भावनेच्या भरात...' मी ३५ वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे हे वाक्य मला फार टोचते. भावनेच्या भरात माणूस रडतो, मटकन खाली बसतो, देवाला शिव्या देतो. समोरच्याचा डोळा फोडणे याला मराठीत मारहाण म्हणतात. दुसरा सौम्य शब्द शोधण्याचे कारण नाही.

डोळ्याचे मी उगाच लिहिलेले नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. तिथे मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नव्हता. ड्युटीवर होता हाडांच्या विभागातला निवासी डॉक्टर, म्हणजे अजून शिकत असलेला मुलगा. त्याने 'दुसरीकडे न्या' असे खरे ते सांगितले, तर नातेवाइकांनी त्याला इतके बदडले की डोळ्याला जबर इजा झाली. आता मला सांगा, न्यूरोसर्जन नेमणे त्याच्या हातात होते का? ज्यांच्या हातात होते त्यांच्या केबिनबाहेर शिपाई असतो, आत जायला चिठ्ठी लागते. हा मात्र पांढरा कोट घालून समोर उभा होता. आपला राग असाच असतो. तो जवळच्या आणि एकट्या माणसावर निघतो.

पुढे राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकारने सशस्त्र रक्षक द्यायचे कबूल केले. पण कायदा तर २०१० पासून होताच की! ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. वर्गात नियमांचा तक्ता लावला म्हणून पोरे गप्प बसत नाहीत हे कुठलाही मास्तर सांगेल. मार खाल्लेल्या डॉक्टरनेच टाके घालून घेऊन पोलीस चौकीत जायचे, तर कोण जाईल? संस्थेच्या प्रमुखाने ६ तासांच्या आत गुन्हा नोंदवावा असा आदेश केंद्राच्या आरोग्य खात्याने काढला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यावर.

तिथे गुन्हेगार नातेवाईक नव्हता, मान्य. पण सुरक्षेची बोंब तीच. रात्रपाळीत घटकाभर पाठ टेकायला ती मुलगी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. मुंबईच्या के.ई.एम.मध्ये नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेल्या आणि तिथल्याच सफाई कामगाराने त्यांचे आयुष्य संपवले. श्वास चालू राहिला तो मे २०१५ पर्यंत. दोन्ही घटनांत ५० वर्षांचे अंतर! एवढ्या काळात आतून कडी लागणारी एक खोली देता येऊ नये?

इस्पितळेही काही धुतल्या तांदळासारखी नसतात. बिल फुगवतात, कुणी धड बोलत नाही, केसपेपर मागितला की कपाळावर आठ्या. त्यासाठी ग्राहक न्यायालय आहे, वैद्यकीय परिषद आहे. तिथे वेळ लागतो. थोबाडीत मारायला लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. आमचे दादा गेले त्या रात्री आमच्याकडे पास होते दोन आणि आम्ही वॉर्डात होतो चौदा जण. सिस्टर 'जरा बाजूला व्हा' म्हणाली. आमच्यातल्या एकाने तिला ढकलले. ती औषधांच्या ट्रॉलीवर पडली, चष्मा फुटला. तिने काचा गोळा केल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे सलाइन बदलायला गेली. एका पोराने दुसऱ्याला ढकलले तर दोघांना अंगठे धरायला लावणारा मी, भिंतीला टेकून गप्प उभा राहिलो. तेराव्याच्या पंगतीत 'चांगली अद्दल घडवली' म्हणून तोच किस्सा रंगला, आणि मी खाली मान घालून जेवत होतो.

खरे म्हणजे डॉक्टरांनी दोन दिवस आधीच आशा सोडा म्हणून सांगितले होते. आणि दादांना महिनाभर आधी न्यायला हवे होते, ते आम्ही नेले नव्हते. 'पित्त असेल' म्हणत घरी ठेवले. त्या चुकीची शिक्षा त्या पोरीला मिळाली.

हे वाचणाऱ्यांपैकी सहा-सात जण तरी त्या रात्री तिथे होते. पुढच्या वेळी, म्हणजे बहुधा माझ्याच वेळी, दोघांनीच यायचे आणि डॉक्टरांशी एकानेच बोलायचे. बाकीच्यांनी घरी थांबा.

ज्याने ढकलले त्याला हे वाचून राग येईल. त्याने मला फोन करावा. दुपारी दोन ते चार मी झोपतो, तेवढी वेळ सोडून कधीही.