काचेवरील धुके आणि एसीचा वारा



बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यास उतरणाऱ्या पिकअप गाड्या आपण नित्य पाहतो. अशा जुन्या गाडीतील एसी म्हणजे निव्वळ चैन, असे पुष्कळांना वाटते. परंतु ऐन पावसाळ्यात घाटात समोरची काच आतून धुकटली, म्हणजे त्या वाऱ्याची खरी किंमत कळते. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे यंत्र योजिले, ते हवेतील दमटपणा आवरण्यासाठीच. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व कोरडा वारा काचेवरील धुके टिपून घेतो. मात्र तो वारा काचेच्या बुडाशी असलेल्या तोंडातून वर यावयास हवा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या गाडीत सारा वारा पायांकडेच जाई. त्यांनी दोन वेळा गॅस भरविला. गुण काही आला नाही. अखेर दोष निघाला तो डॅशबोर्डमागे निसटलेल्या एका केबलचा!

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील परीक्षा घरीच करावी. ब्लोअर पूर्ण वेगाने लावून प्रत्येक तोंडापुढे हात धरावा.

वारा जोराचा, पण भलतीकडे जात असेल, तर आतील झडप फिरत नाही असे समजावे. नॉब अगदी सैल फिरत असेल, तर केबल निसटली वा तुटली असावी; घट्ट असेल, तर झडप अडकली असावी. अशा वेळी जोर लावू नये. प्लॅस्टिकचा तुकडा मोडल्यास काम वाढते.

सर्वच तोंडांतून वारा मंद येत असेल, तर फिल्टर पाहावा. जुन्या गाड्यांत पुष्कळदा तो नसतोच. मग धूळ आणि पालापाचोळा थेट कूलिंग कॉइलवर बसतो. ती साफ करवून घ्यावी. एकाच तोंडातून वारा येत नसेल, तर आतील नळीचा सांधा सुटला असण्याचा संभव असतो.

ब्लोअर केवळ शेवटच्या वेगावरच चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. पायाशी पाणी साचत असेल, तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे असे समजावे. गाडीखाली थेंब पडतात, हा मात्र दोष नव्हे.

वारा भरपूर आणि योग्य ठिकाणी येऊनही गार नसेल, तरच गॅसचा विचार करावा. तो पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही; बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल, तर गळती आहे. ती आधी शोधून मगच भरवावा. त्या नळ्यांत मोठा दाब असतो. त्या स्वतः कधीही उघडू नयेत.

काच धुकटल्यास एसी लावून वारा काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडी ठेवावी. तरीही दिसेनासे झाले, तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी. हाताने काच पुसत घाट उतरण्याचे धाडस करू नये. भाजी तासभर उशिरा पोहोचली तरी चालेल. गाडी हाकणारा घरी सुखरूप परतला पाहिजे.