काटा म्हणेल ती पूर्व दिशा?

परवा क्लबातल्या एका ज्येष्ठ हॅम काकांशी माझं चांगलंच वाजलं. मी एवढंच म्हटलं होतं की पॉवर मीटर घरी तपासता येतो. ते म्हणाले, "असल्या गोष्टी लॅबमध्ये होतात, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नाही." आता आमचा ओटाच मध्ये आणल्यावर गप्प कसं बसायचं?

(नातेवाईक मंडळींसाठी: ट्रान्समीटर एरियलकडे जी शक्ती ढकलतो त्यातली काही परत फिरते. किती फिरली याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. १:१ म्हणजे काहीच परत आलं नाही. आत्या, एवढं पुरे, पुढचं कळलं नाही तरी चालेल :-) )

भांडणामागची गोष्ट अशी. कॉलेजातल्या एका मुलाने चार महिने खपून ४० मीटर बँडचा ट्रान्समीटर बांधला. क्लबच्या मीटरला लावला तर काटा ५ वॉटवर. "दहा म्हणत होतास ना?" म्हणून सगळे हसले. पोरगं सेट पिशवीत घालून गेलं ते पुन्हा फिरकलंच नाही. आणि त्या मीटरचं स्केल किती, तर २०० वॉटचं! असल्या मीटरवर अचूकता बरेचदा पूर्ण स्केलच्या १० टक्के अशी लिहिलेली असते. म्हणजे २० वॉटची चूक कंपनीलाच मान्य. त्यावर ५ की १० ठरवणं म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलणं.

शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. १ किलोओहमचे, २ वॉटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा डमी लोड तयार, ४० वॉट पेलणारा. (वायरवाउंड नकोत, त्यात तारेची गुंडाळी असते.) त्यावर एक १एन४१४८ डायोड, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. आकडा आला २९.४ व्होल्ट. डायोडने खाल्लेले ०.६ मिळवले, झाले ३०. वर्ग ९००, भागिले १००. नऊ वॉट! मल्टिमीटर एक टक्का चुकला तर वर्गामुळे दोन टक्के धरा, वर लोडची थोडी चूक धरा, तरी अर्ध्या वॉटच्या आतबाहेर. सांगा, लॅब कुठे लागली?

एसडब्ल्यूआरचंही तसंच. ५० ओहमचे दोन लोड समांतर लावले की २५ ओहम, मीटरने २:१ दाखवलं पाहिजे. १०० ओहम लावले तरी २:१च. दाखवत नसेल तर मीटर खोटा. कमी पॉवरला परत येणारं व्होल्टेज इतकं लहान असतं की मीटरमधला डायोड जागाच होत नाही. काटा १:१ वर, आणि मालक पेढे वाटायला मोकळे! बरं, १:१ म्हणजे काय मोक्ष आहे? डमी लोडचा एसडब्ल्यूआर १:१च असतो, आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकालाही पोचत नाही. १.५ असला तरी परत येतात फक्त ४ टक्के. त्यासाठी लोक गच्चीवर उन्हात एरियल कापत बसतात.

काकांचं एक मात्र खरं. १४४ मेगाहर्ट्झला रेझिस्टरच्या पायांचीच कॉइल होते, तिथे माझ्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. आणि ५० वॉटला हा डायोड लावलात तर गेलाच म्हणून समजा. त्याच्यावर १४० व्होल्ट उलटे येतात, त्याची ताकद १०० ची.

मी काकांना म्हटलं, क्लबचा मीटर एक रविवार द्या, आत दोन ट्रिमपॉट असतील, बसवून देतो. नाही म्हणाले, सील आहे. असो.

मुलाने डमी लोड ठेवून घेतलाय. काल फोन आला होता, उरलेला एक वॉट कुठे गेला ते शोधतोय म्हणाला.