कमरेला लाखाचे हत्यार, भरवसा किती?

खंडेनवमीला गावोगाव हत्यारे पुजली जातात. कोयता, विळा, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर यांच्या रांगेत परवान्याची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर असणारा तेही मांडतो. हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला, नारळ फोडला, की दुसऱ्या दिवशी तसेच फडक्यात गुंडाळून कपाटात. ओल्या कुंकवाखाली गंज धरतो, आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत कोणी उघडून बघत नाही. पूजेला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो उरलेल्या 364 दिवसांच्या बेफिकिरीला.

मळ्यात, रानात एकटी वस्ती करून राहणाऱ्याची भीती खोटी नसते. ऊस, द्राक्ष, कांद्याचे पैसे हाती आले की चोराचिलटांची नजर असते, शेजार अर्ध्या कोसावर, पोलीस ठाणे त्याहून लांब. अशा माणसाने हत्याराचा विचार केला तर त्याला हसू नये. पण मंडळी, हत्यार घेणे आणि हत्याराचा भरवसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, दोन पावले चालवून बघतो. रिव्हॉल्व्हर मात्र दुकानाच्या काचेतून बघून घेतो आणि त्यातल्या त्यात कमी किमतीचे बरे म्हणतो.

आता हे ‘कमी किमतीचे’ म्हणजे केवढ्याचे? .38 किंवा 9 मिलिमीटर ही मापे आपल्याकडे सामान्य नागरिकाला बंद आहेत. म्हणून बहुतेकांच्या कमरेला दिसते ते .32 चे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. परदेशी मालाची सर्वसाधारण आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली. तेव्हापासून जुनी विलायती हत्यारे हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव चढत गेले. राहिला देशी माल. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. 2021 मध्ये सरकारी शस्त्रकारखान्यांच्या कंपन्या झाल्या, 2023 मध्ये ‘प्रबळ’ हे नवे रिव्हॉल्व्हर आले. 2016 च्या नियमांनंतर खासगी उत्पादकही या धंद्यात उतरले. तरी ‘स्वस्त’ हा शब्द इथे नावालाच आहे. ज्याला आपण स्वस्तातले म्हणतो त्यातही एका बैलजोडीचे पैसे जातात. एवढे पैसे मोजणाऱ्याला ऐन वेळी बार उडेल की नाही याची खात्री मागण्याचा हक्क आहे.

असे हत्यार बाळगणाऱ्यांशी बोलले की तीच ती गाऱ्हाणी पुन्हा पुन्हा कानावर येतात. एक, घोडा फार जड आहे, बोट दुखते आणि नेम हलतो. दोन, घोडा ओढला की ‘टक्’ आवाज येतो, बार होत नाही. तीन, नळकांडे, म्हणजे गोळ्यांचे फिरते घर, ढिले वाटते, कधी अडकते. चार, वर्षा-दोन वर्षांत वरचा काळा रंग जाऊन तांबूस डाग पडतात. आणि पाचवे सगळ्यांचे: दाखवायचे कुणाला?

यातली काही गाऱ्हाणी कारखान्याच्या खात्यावर लिहावी लागतील. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढण्याच्या एकाच हालचालीत तीन कामे होतात. मागचा हातोडा उचलला जातो, नळकांडे एक घर फिरते आणि गोळी बरोबर नळीसमोर येऊन तिथेच कुलूपबंद होते. यातले एखादे खाचेत अर्धा केसभर चुकले तरी हातोडा भलतीकडे आपटतो किंवा गोळी नळीच्या कडेला घासून जाते. हे काम बारीक घासणीचे, कसबी हाताचे आहे. किंमत उतरते तेव्हा पहिली काटछाट याच घासणीत होते. म्हणून घेताना रिकाम्या हत्याराची सहाही घरे दुकानदारासमोर फिरवून बघा. घोडा पूर्ण ओढल्यावर नळकांडे हलता कामा नये. नळीवर दाबचाचणीचा शिक्का आहे का, अनुक्रमांक आणि परवान्यावरचा आकडा जुळतो का, हेही तिथेच तपासा. पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

पण सगळे पाप कारखान्याच्या माथी मारून चालणार नाही. ‘टक्’ आवाजाची निम्मी कहाणी काडतुसाची असते. पुष्कळांकडची काडतुसे परवाना मिळाला त्या वर्षीची असतात. चार पावसाळे त्यांनी कपाटात काढलेले असतात. वर कोणीतरी सांगितलेले असते की तेल लावले म्हणजे टिकतील. अहो, तेच तेल बुडाच्या टोपीत झिरपते आणि काडतूस निकामी करते. तेल हत्याराला, तेही पुसून पातळ. काडतुसाला कोरडा, घट्ट झाकणाचा डबा. चामड्याच्या म्यानात ठेवलेले हत्यार रुबाबदार दिसते, पण चामडे ओल धरते. म्यान मिरवायला, ठेवायला कोरडे सुती फडके. कोकणात ठासणीची बंदूक वापरणाऱ्या जुन्या माणसांना दारू आणि टोपी ओली होऊ न देण्याचे शिक्षण बापाकडून मिळत असे. लाखाचे रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या मुलाला ते कोणीच दिले नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून स्पष्ट लिहितो. घोडा ओढूनही बार झाला नाही तर नळी लगेच स्वतःकडे वळवून बघू नका. ती मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबा. कधी कधी बार उशिरा होतो. आणि बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडू नका. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि त्यावर दुसरी गेली तर नळी फाटून हात जातो. अशा वेळी हत्यार गावच्या लेथवाल्याकडे किंवा लोहाराकडेही न्यायचे नाही. शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, आणि चुकीच्या जागी लागलेली कानस पुढच्याच बाराला दावा साधते.

आता कायद्याची बाजू. शेतसंरक्षणासाठी 1959 च्या शस्त्र कायद्याने ठासणीची बंदूक आणि ती पुरी पडत नसेल तर गुळगुळीत नळीची लांब बंदूक धरली आहे, रिव्हॉल्व्हर नव्हे. डुकराला किंवा माकडाला हाकलायला रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याचा अर्ज मुळातच लंगडा असतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नव्हे. जनावर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली, आणि लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोलीस पाटील आणि सरपंचांनी हे वरातीच्या आदल्या दिवशी सांगितले तर पुढचा पंचनामा वाचेल.

मुदत पाच वर्षे झाली हे सोयीचे खरे, पण त्यात एक खोट आहे. नूतनीकरणाला हत्यार दाखवायचा प्रसंगही आता पाच वर्षांनी येतो, आणि तेव्हाही बहुधा अनुक्रमांक ताडून बघितला जातो. ते चालते का, हे बघत नाहीत. निवडणुका आल्या की छाननी समिती ज्यांची हत्यारे जमा करायला सांगते ती पोलीस ठाण्यात जातात. तिथे ती कशी ठेवली जातात हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावे. दोन-तीन महिने दमट खोलीत, तेलाचा थेंब नाही, एकावर एक. परत घेताना गंजाची तक्रार केली तर ‘आम्ही काय तेलपाणी करत बसू?’ हे उत्तर तयार असते. ज्या सरकारच्या हुकमाने हत्यार ताब्यात घेतले, ते जसेच्या तसे परत देण्याची जबाबदारीही त्याच सरकारची आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. जिल्हा पोलीस दलाकडे शस्त्रे दुरुस्त करणारे जाणकार आहेत. त्यांनी वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी शिबिर घ्यावे, परवानाधारकाचे हत्यार तपासून त्याला चिठ्ठी द्यावी. जमा केलेल्या हत्याराच्या पावतीवर त्याची स्थिती लिहावी आणि परत देताना तीच पडताळावी. 2016 च्या नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आहे. ते दाखल्यापुरते न राहता मैदानावर व्हावे, कारण आयुष्यात चार गोळ्याही न झाडलेला माणूस अंधारात दाराशी उभ्या चोराला नव्हे, घरच्याच माणसाला लागेल असा बार काढतो. आणि विकणाऱ्याने बिघडलेले हत्यार बदलून द्यायला टाळाटाळ केली तर पावती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पंप जळाला तर आपण जातो, मग लाखाच्या हत्याराला लाज कसली?

शेवटी एक विनंती, घ्यायच्या आधीची. आपल्याला हत्यार खरोखर लागते का, हे घरच्या बायामाणसांना विचारा. वस्तीवर उजेड, भक्कम दार, दोन इमानी कुत्री आणि हाक मारली तर धावून येणारा शेजारी यांना परवाना लागत नाही आणि त्यांची टोपीही ओली होत नाही. ज्या घरात दारू आहे, बांधाचा वाद पेटलेला आहे किंवा कपाटाची किल्ली पोरांच्या हाती लागते, त्या घरात चांगले चालणारे रिव्हॉल्व्हर न चालणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचे. एवढे करूनही ज्याला ते लागतेच, त्याने जरूर घ्यावे. मग मात्र फवारणीचा पंप हंगामाआधी खोलून धुतो तसे महिन्यातून एकदा ते रिकामे करून, पुसून, तपासून ठेवावे. नाही जमत, तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून निवांत झोपावे. त्यात कमीपणा काही नाही.