सत्काराची शाल आणि सातबाऱ्याचा उतारा

मार्च महिना उजाडला की गावोगावी महिला दिनाचे समारंभ सुरू होतात. सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, दोन-चार कर्तबगार भगिनींना शाल व श्रीफळ अर्पण केले जाते आणि प्रमुख पाहुणे स्त्रीशक्तीचे गुणगान करून निघून जातात. सभागृहामागे चहाचे कप विसळणाऱ्या बायकांना त्या दिवशीही सुट्टी नसते. कर्तृत्वाचा गौरव होऊ नये, असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, समारंभ आटोपल्यावर स्त्रीच्या पदरात काय पडते?

या दिवसाचा जन्म हक्काच्या मागणीतून झाला, याचे विस्मरण होता कामा नये. १९१० मध्ये कोपनहेगन येथे भरलेल्या समाजवादी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्लारा झेटकिन यांनी तो पाळण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मताधिकार ही त्यामागची प्रमुख मागणी होती. महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरल्या. दुष्काळाच्या त्याच वर्षांत आकारास आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीने स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी देऊ केली. खडी फोडणाऱ्या बाईचा तो खरा सन्मान होता.

मजुरीच्या पलीकडचा प्रश्न मालकीचा. पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी स्त्रीने करावी आणि सातबारा मात्र पुरुषाच्या नावे असावा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शेतकरी संघटनेच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत. तथापि १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर त्या संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्याचे मोल मान्य करावयास हवे. ज्या गावातील शंभर कुटुंबांनी आपल्या जमिनीचा वाटा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला, त्या गावाचा तिथे गौरव होई. गौरव करण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. कारण तीत आधी हक्क होता, हार नंतर होता.

कायदाही मागे राहिलेला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. परंतु तलाठी कार्यालयात काय घडते? वडिलांच्या पश्चात बहिणींना बोलावणे जाते, हक्कसोडपत्रावर सह्या होतात आणि साडीचोळी देऊन त्यांची बोळवण केली जाते. माहेर तुटेल या धाकाने बहीण गप्प राहते. पुरोगामी म्हणविणाऱ्या घरांतही हे घडत असेल, तर महिला दिनाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा नैतिक अधिकार अशा घरांना उरत नाही.

संघटनेच्या व्यवहारालाही हीच कसोटी लावावी लागेल. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला अग्रस्थान दिले आणि साठ टक्के विशेष संधीच्या सूत्रात सर्व जातींच्या स्त्रियांचा समावेश केला. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना पन्नास टक्के जागा राखीव झाल्या. मात्र निवडून आलेल्या सरपंच बाईच्या खुर्चीशेजारी पतिराज बसून कारभार हाकतात, तेव्हा कार्यकर्ते सहसा मौन पाळतात. बैठका रात्री नऊला ठेवायच्या आणि बायका येत नाहीत म्हणून तक्रार करायची, हा प्रकारही आता थांबावयास हवा.

तेव्हा येत्या ८ मार्चला निराळा संकल्प व्हावा. प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःच्या घराचा सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा काढून पाहावा व त्यावर पत्नीचे नाव नसल्यास ते लावण्याचा अर्ज करावा. बहिणीकडून लिहून घेतलेले हक्कसोडपत्र कपाटात असेल, तर तिच्या वाट्याचा हिशेब स्वतःहून पुढे ठेवावा. शाखेची बैठक स्त्रियांना सोयीच्या वेळी घ्यावी, निर्णयाची पदे त्यांच्याकडे सोपवावीत आणि चहाचे कप पुरुषांनी विसळावेत. त्यानंतर सत्कारसमारंभ खुशाल करावा. त्या दिवशी अंगावर पडणाऱ्या शालीला खरी ऊब असेल.