आपल्या घरातील मूक माणूस



१९२० साली बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक काढले व त्यास 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना वाचा होती, परंतु ज्यांचे ऐकून घेण्यास कोणी तयार नव्हते, त्यांचे ते पत्र होते. आज त्या नावाचे स्मरण एका निराळ्या कारणासाठी करून द्यावयाचे आहे. असा मूक माणूस आता आपल्याच घरात, बुद्धवंदनेच्या वेळी आपल्या शेजारी हात जोडून बसलेला असू शकेल.

येडशीसारख्या गावातील एखादे बौद्ध घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा सतरा वर्षांचा आहे. सोबती मुलींविषयी बोलतात. ह्याचे मन मात्र मुलाकडेच ओढ घेते. ही ओढ त्याने ठरवून आणलेली नाही. तिच्यासाठी त्यास ठाऊक असलेला शब्द एकच, आणि तोही शिवी म्हणून ऐकलेला. मग तो गप्प होतो. पंचविशी आली की घरात स्थळे पाहण्याची गडबड सुरू होते. तो नको म्हणाला, तर कोणी देवऋषाकडे नेण्याची गोष्ट काढतो, कोणी लग्न हाच उपाय सांगतो. मुलीची स्थिती तर याहून कठीण. तिला नको म्हणण्याचीही सोय नसते.

आपण म्हणाल, आधीच गाव आपल्याला नावे ठेवतो, त्यात हे आणखी कशाला? ही भीती खोटी नाही. मोठ्या कष्टाने मिळविलेला मान जाईल, असे ज्यास वाटते त्याचे दुःख मी जाणतो. परंतु गावाच्या नावे ठेवण्यास भिऊन आपले वाडवडील गप्प बसले असते तर? येडशीच्या जवळच्या कसबे तडवळ्यास १९४१ साली महार-मांग वतनदारांची परिषद भरली व बाबासाहेब तेथे आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. गप्प बसण्यात शहाणपण आहे असे त्या वेळीही सांगणारे थोडे नसतील!

ह्याच प्रश्नावर बाबासाहेब स्वतः न्यायालयात उभे राहिले होते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली. लोक लैंगिक विषयावर प्रश्न विचारतात, तर त्यांस उत्तर मिळाले पाहिजे. विकृतीची ओरड करून त्यांचे तोंड बंद करू नये, अज्ञान ज्ञानानेच जाते, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. परंतु ज्याच्या बाजूने समाजातील कोणी प्रतिष्ठित मनुष्य उभा राहिला नसता, त्याच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे तोंड बंद व्हावे काय?

कोणी पंचशीलाकडे बोट दाखवील. तिसरे शील काममिथ्याचारापासून दूर राहण्यास सांगते. मिथ्याचार म्हणजे फसवणूक, बळजोरी, दुसऱ्याच्या संसारात शिरणे. आता विचार करा: ज्या मुलाचे मन स्त्रीकडे जात नाही हे आपणास कळले आहे, त्याचे लग्न एका अजाण मुलीशी लावून देणे हे काय आहे? दोन आयुष्यांची ही फसवणूक आपण हळद लावून, मंडप घालून, दहा माणसांदेखत करतो. शील मोडते ते येथे. देवऋषाकडे जाणे तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरास मुळीच शोभत नाही. हा रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी आकर्षण रोगांच्या यादीतून काढून टाकले.

कायदाही बदलला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत असा निर्णय दिला. न्यायमूर्तींनी आधार घेतला तो संवैधानिक नीतीचा. ह्याच नीतीविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलले होते. ती नीती स्वाभाविक नसते, अंगी बाणवावी लागते, असे त्यांनी बजावले होते. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. म्हणजे न्यायालयाने अर्धे दार उघडले आहे. घराचे दार उघडणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. मूल बोलू लागले तर मध्येच तोडू नका. मारू नका, रडून त्याला शपथा घालू नका. लग्नाची घाई करू नका. ती शिवी घरात कोणी उच्चारली तर तेथेच थांबवा. आपल्या जातीचे नाव शिवी म्हणून वापरले जाई, ते दिवस आपण विसरलेलो नाही. आणि विहारात एखाद्या रविवारी हा विषय निघाला, तर मान खाली घालू नका.

दीक्षा घेताना आपण माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागितला. तो मागताना आपल्या लेकरांतून काहींना वगळून मागितला होता, असे कोणी सांगू शकेल काय?

जय भीम.