होम लोनसाठी खोटी फाईल : घर मिळेल, पण धंदा अडकेल



"साहेब, रिटर्न नाहीत? काळजी नको, आपण बनवून देऊ. सगळेच करतात." होम लोन घ्यायला निघालेल्या धंदेवाल्या माणसाला हे वाक्य कुठे ना कुठे ऐकायला मिळतंच. माझं मत सरळ आहे. असं म्हणणारा एजंट तुम्हाला घर मिळवून देत नाही, तो तुमचा धंदा गहाण टाकतो.

आधी कायदा बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१८(४) प्रमाणे फसवणूक करून पैसे घेतले तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार केला तर कलम ३३६(३), तिथेही ७ वर्षांपर्यंत. आणि कलम ३४० नीट लक्षात ठेवा : कागद खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरला, तर वापरणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. म्हणजे "मी नाही, एजंटने केलं" हे म्हणून सुटका होत नाही. फाईलवर सही तुमची असते.

बरेच जण म्हणतात, "हप्ते वेळेवर भरतोय ना, मग बँकेचं काय गेलं?" हा मोठा गैरसमज आहे. गुन्हा हप्ता चुकल्यावर होत नाही, खोटं दाखवून पैसे घेतले तेव्हाच होतो. होम लोनचं नाही, पण महाराष्ट्रातलंच एक प्रकरण बघा. बनावट बिलं दाखवून बँकेकडून पैसे उचलले, नंतर बँकेशी तडजोड करून ते फेडले, बँकेने 'नो ड्यूज' दिलं. उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पैसे परत केले म्हणून फौजदारी खटला आपोआप संपत नाही, हा त्यातला धडा.

आता धंद्याचं बघा. बँकेने कर्जदाराला 'फ्रॉड' ठरवायचं तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, उत्तराला किमान २१ दिवस मिळतात. पण एकदा ठरवलं, की रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या निर्देशांप्रमाणे ती रक्कम पूर्ण फेडल्यानंतरही ५ वर्षं नवं कर्ज बंद. मुद्रा नाही, कॅश क्रेडिट नाही, मशीनसाठी टर्म लोन नाही. फक्त त्या बँकेत नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या सगळ्या संस्थांमध्ये. खेळत्या भांडवलाशिवाय ५ वर्षं दुकान चालेल का, याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि पकडलं जाणं आता अवघड राहिलेलं नाही. सीएच्या सर्टिफिकेटवर १८ अंकी यूडीआयएन असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. रिटर्नमधलं उत्पन्न २६एएस, जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंटशी ताडून बघतात. एकाच घरावर दोन कर्जं काढली, तर सरसाईच्या नोंदीत दिसतं.

मग करायचं काय?

१. आजपासून उत्पन्न खरं दाखवा. छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची पद्धत सोपी आहे : रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या पैशावर ६ टक्के नफा धरता येतो. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा.
२. मागच्या वर्षांचं उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल तर अपडेटेड रिटर्नची सोय आहे. जितका उशीर तितका जादा कर, २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत. महाग आहे, पण कायदेशीर आहे. आपल्या सीएला विचारा.
३. नवरा, बायको किंवा आईवडिलांपैकी कुणाचं पक्कं उत्पन्न असेल, तर त्यांना सहकर्जदार घ्या.
४. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. फाईल जमा करण्याआधी प्रत्येक पान वाचा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

कर चुकवण्यासाठी उत्पन्न लपवायचं आणि कर्जासाठी तेच फुगवायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. घर दोन वर्षं उशिरा झालं तर बिघडत नाही. बाजारात पत गेली, तर ती कुठली बँक परत देत नाही.