पदकाच्या काठावरील नाव

माणसाला नाना प्रकारचे छंद असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी शंखशिंपले. युद्धात सैनिकांना मिळालेली पदके जमविणारेही काही लोक आहेत. हा छंद चांगला की वाईट, याविषयी मतभेद आहेत. मला स्वतःला असे वाटते की, जो केवळ पदक मिळवून कपाटात ठेवतो, त्याने धातूचा एक तुकडा जमविला. परंतु जो त्या पदकाच्या धन्याचा शोध घेतो, त्याने एका विस्मृत माणसाचे ऋण थोडेबहुत फेडले.

मुलांनो, उदाहरणादाखल एकच पदक घेऊ. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मृत्यू पावले. युद्धानंतर सैनिकांना चांदीचे 'ब्रिटिश युद्धपदक' देण्यात आले. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मुख आहे, दुसऱ्या बाजूस एक घोडेस्वार आहे. पाहणारा बहुधा एवढेच पाहतो आणि पदक खाली ठेवतो. वस्तुतः त्या पदकाचे खरे मोल त्याच्या काठावर असते. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही ठसविलेली असतात. बादशहाचे मुख लाखो पदकांवर सारखेच आहे. काठावरील ते नाव मात्र एकाच माणसाचे आहे.

या नावाला एवढे महत्त्व का द्यावयाचे, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर इराक देशात, बसऱ्याच्या स्मारकाजवळ मिळते. त्या रणभूमीवर मृत्यू पावलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी हे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे कोरली. परंतु सामान्य हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत. त्यांच्या पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा घातला! अशा स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाची जाहीर कबुली दिली व क्षमा मागितली. आपल्याकडेही असे आकडे आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. ४६ हा आकडा उच्चारावयास क्षणही लागत नाही. परंतु त्या आकड्यामागे ४६ घरे होती, आणि प्रत्येक घरात कोणीतरी वाट पाहत होते. आकड्याला आई नसते, नावाला असते. जे नाव दगडाने नाकारले, ते एखाद्या पदकाच्या काठाने शंभर वर्षे जपून ठेवलेले असते.

नावापासून माणसापर्यंत जाण्याची वाट मात्र सोपी नाही. समजा, काठावर '११७ मराठा' अशी पलटण आहे. ही पलटण पुणे डिव्हिजनबरोबर तेव्हाच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये ती शैबा येथे लढली. पुढे टायग्रिस नदीच्या काठी कुत या गावात ती इतर पलटणींसह वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. अन्न सरले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि अखेरीस सैन्याला शरण जावे लागले. कैद झालेल्यांपैकी अनेकांचा वाळवंटातील वाटचालीत व छावण्यांत अंत झाला. पलटणींच्या दैनंदिन्या, युद्धसमाधी आयोगाची नोंदपुस्तके, बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे संग्रहालय आणि गावातील वृद्धांच्या आठवणी, अशा अनेक ठिकाणी विचारपूस करीत संशोधकाला जावे लागते.

येथे एक पथ्य पाळावे लागते. पलटण कुतला होती, म्हणून हा शिपाई तेथे होताच, असे म्हणता येत नाही. तो नंतरच्या तुकडीतून आलेला असू शकेल. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. क्रमांक पलटणीपुरता असल्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीतही सापडतो. म्हणून नाव, क्रमांक आणि पलटण ही तिन्ही जुळल्यावाचून निष्कर्ष काढू नये. जे सिद्ध झाले तेवढेच लिहावे. आपल्या कल्पनेतील पराक्रम मृत माणसाच्या पदरी बांधणे, हा त्याचा सन्मान नव्हे. ती एक प्रकारची फसवणूकच आहे.

काही संग्राहक केवळ विख्यात वीरांच्या पदकांमागे धावतात. वीरांविषयी आदर असावा, हे योग्यच आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून जाऊन प्राणार्पण करणारे नाईक यशवंत घाडगे, किंवा ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना वाहून आणणारे शिपाई नामदेव जाधव, या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची हकिगत सरकारी राजपत्रात लिहिलेली आहे. ती सहसा हरवणार नाही. परंतु ज्याची हकिगत कोणीच लिहिली नाही, त्याचे काय? मजूर पलटणींतील लोकांना तेच युद्धपदक चांदीऐवजी ब्रॉंझचे मिळाले. बाजारात चांदीला भाव अधिक. परंतु शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने ओझी वाहणाऱ्याचे नाव शिपायाच्या नावाहून कणभरही हलके नाही.

यावर कोणी म्हणेल, "परक्या राजासाठी लढलेल्यांची आठवण आपण कशाला ठेवावी?" हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. त्या सैनिकांनी युद्ध पुकारले नव्हते, आणि ते कोणासाठी लढावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. कोणी पोटासाठी गेला, कोणी घराण्याची परंपरा म्हणून, कोणी दिलेल्या शब्दासाठी. साम्राज्याचा गौरव न करताही त्यांच्या कष्टांची नोंद ठेवता येते. तसेच, या छंदाने युद्धाची आवड वाढते, ही भीतीही मला पटत नाही. पदक पाहून युद्ध झगझगीत वाटेल. परंतु पदकामागची उपासमार, कैद आणि न परतलेला मुलगा कळल्यावर युद्धाची किंमत कळते.

आज जुन्या बाजारांत अशी पदके विकावयास येतात. पुष्कळशी तर चांदीच्या मोडीत वितळून गेली. पदक वितळले म्हणजे चांदी उरते, नाव जाते. म्हणून तुमच्या घरी, आजोळी किंवा शेजारी एखादे पदक असेल, तर ते घासून चकचकीत करू नका. घासण्याने काठावरील अक्षरे झिजतात. एकाच सैनिकाची दोन-तीन पदके असतील, तर त्यांची ताटातूट करू नका. काठावरील अक्षरे भिंगाने वाचून वहीत उतरून घ्या, घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. आणि परक्याचे पदक हाती आले, तर आधी त्याच्या वारसांचा शोध घ्या. कारण त्या नावावर पहिला हक्क त्यांचा आहे.

पदक सरकार देते, आणि ते एकदाच देते. ज्याच्यासाठी ते दिले त्याचे स्मरण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने ठेवावे लागते. ते काम राजाचे नाही, सेनापतीचे नाही. पदक हाती घेऊन त्याचा काठ वाचणाऱ्या कोणाही माणसाला ते करता येते, आणि ते त्याने करावे.